ताई, कप कुठाय?

जलरंगात निसर्गचित्र काढायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ते मित्रमंडळींना दाखवण्यात जातो, ही सूचना रंगपेटीच्या झाकणावर छापायला हवी. चित्र काढणं त्या मानाने सोपं. कागदाला चारी बाजूंनी मास्किंग टेप लावायचा, आभाळाच्या जागी स्वच्छ पाणी फिरवायचं, त्यात अल्ट्रामरीन हा गडद निळा सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पुढचं बरंचसं पाणीच करतं. पण टेप सोलून झाला आणि हातात मोबाइल आला, की खरा छळ सुरू होतो.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळे हौशी, सगळे निसर्गचित्रं काढणारे आणि बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. लॉकडाउनमध्ये कुठल्याशा ऑनलाइन वर्गात काही जण भेटले, त्यांनी आपापल्या ओळखीतल्यांना आत ओढलं आणि मंडळ जमलं. नागपूरचे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर. इंदूरच्या वहिनी. रत्नागिरीकडचे एक मास्तर. न्यू जर्सीतली एक मैत्रीण, जी आपण झोपायला निघालो की जागी होते. आणि पुण्याची मी. नियम दोनच: गुड मॉर्निंग नाही आणि राजकारण नाही. त्यामुळे ग्रुपवर चित्रं येतात आणि दोन चित्रांच्या मधल्या जागेत ज्याचा त्याचा संसार येतो. टँकर आला नाही, कामाच्या मावशी गावाला गेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, भाचीचं ठरत नाही.

रीतसर कलाशिक्षण कुणाचंच नाही, पण 'इंटरमिजिएट' सगळ्यांची झालीय. महाराष्ट्रातल्या शाळेत ती सरकारी चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिलेला माणूस सत्तरीला आला तरी आपली ग्रेड विसरत नाही. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारे काका आपली 'ए' ग्रेड मात्र अधूनमधून आठवणीने सांगतात. त्याच्याही आधीचा आमचा सगळ्यांचा पाया म्हणजे ते चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्याच्या खालूनच निघालेली नदी, काठावर झोपडी आणि शेजारी एक नारळ. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, त्याचे कितीतरी डोंगर वरून चक्क कापल्यासारखे सपाट. खिडकीतून एकदा मान वर करून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण त्रिकोणच काढत आलो. (मधून सूर्य उगवतो हे मात्र कबूल करायला हवं. कुठून तरी उगवावंच लागतं.)

तर मी ठरवलं, त्रिकोण बंद. आता जागेवर जाऊन बसायचं आणि समोर दिसेल ते काढायचं. म्हणून मेणवलीला गेले.

वाईपासून जवळच हे गाव. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. इतका इतिहास समोर टांगलेला असताना कुणालाही चित्र काढावंसं वाटेल. मी पायऱ्यांवर स्टूल मांडलं, बोर्ड मांडीवर घेतला आणि पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारायच्या आत मागून आवाज आला, "शूटिंग कवा हाय?"

या घाटावर इतक्या सिनेमांची शूटिंगं झाली आहेत, की हातात काहीही घेऊन बसलेला शहरी माणूस हा पुढच्या युनिटचा हेर आहे, अशी तिथे समजूत असावी. मी म्हटलं, शूटिंग नाही, चित्र काढतेय. "मंग हिरो कुठाय?" चित्रात हिरो नसतो, हे ऐकून दोन पोरं लगेच पांगली. धुणं आटोपून आलेल्या एक मावशी मात्र थांबल्या. त्यांनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि विचारलं, "ह्यात आमचं घर कंचं?"

मी नदीपलीकडच्या एका तपकिरी ठिपक्यावर ब्रशचं टोक ठेवलं.

"एवढंच?"

लांबचं घर लहान दिसतं, असं मी काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, लांब असलं म्हणून काय झालं, औंदा नवा पत्रा टाकलाय, निळा. तो तरी दिसू दे. मग मी त्या ठिपक्यावर निळा पत्रा टाकला. त्यांनी मान डोलावली आणि बादली उचलून गेल्या. माझ्या चित्राचं इतक्या बारकाईने झालेलं ते पहिलं परीक्षण. पुढे ग्रुपवर काय वाट्याला येणार आहे याची कल्पना असती, तर मी मावशींचा नंबर घेऊन ठेवला असता.

घरी येऊन चित्र पुरं केलं आणि फोटो काढायला बसले. जलरंगाच्या चित्राचा फोटो घेणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. ट्यूबलाइटखाली घेतला तर कृष्णेला कावीळ होते. बाल्कनीत घेतला तर देवळाच्या कळसावर माझ्या डोक्याची सावली. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला की सुरेख करडा रंग मिळतो. तो वापरून मी मोठ्या मेहनतीने पावसाळी आभाळ केलं होतं. मोबाइलला वाटलं, बाईंचा कागद मळलाय. त्याने परस्पर सगळं उजळून, आभाळ लख्ख धुऊन माझ्या हातात दिलं. वरून व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं ते वेगळंच. एचडीचं बटण दाबायचं राहिलं तर घाट, पायऱ्या आणि नदी यांची एकजीव आमटी होते. शेवटी जेवणाच्या टेबलावर, खिडकीशी, खुर्चीवर चढून एक बरा फोटो मिळाला. पाठवला.

क्षणात 'अप्रतिम!!' आलं. आनंद झाला असता, पण तो फोटो तिकडे अजून डाउनलोडसुद्धा झाला नसावा. इंदूरच्या वहिनींचा अंगठा बाणाच्या वेगाने सुटतो. चित्र, श्रद्धांजली, टँकर, सगळ्यांना सारखाच. त्यामागून टाळ्या, फुलं, एक नाचणारी बाई. आणि मग, ज्याची मी वाट बघत होते तो, पहिला वाक्यातला अभिप्राय आला.

"ताई, तो कप कुठून घेतलात?"

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, टेपच्या पांढऱ्या कडेच्या बाहेर, माझा चहाचा कप अर्धवट आला होता. निळ्या नक्षीचा, कान किंचित टवका उडालेला. झालं. वहिनी म्हणाल्या, हा खुर्ज्याचा दिसतो, त्या उत्तर प्रदेशातल्या चिनी मातीच्या गावचा. मास्तर म्हणाले, खुर्ज्याचा नव्हे, त्याची नक्षी वेगळी. न्यू जर्सीने डोळे चोळत विचारलं, चहात आलं घालता का? काकांनी कपाच्या शेजारी ब्रश धुवायच्या पाण्याचा पेलाही हेरला होता. त्यांनी मूलभूत प्रश्न टाकला: "खरं सांगा, ब्रश चहात कोणाकोणाचा बुडाला आहे?"

त्यावर प्रत्येक जण बोलला. जो एरवी फक्त हात जोडून जातो, तोसुद्धा बोलला. कुणी बुडवला होता, कुणी ढवळलाही होता, आणि एकाने रंगाचं पाणी पिऊन वर "आज चहा पाणचट झालाय" असं बायकोला सुनावलं होतं. बर्न्ट सिएनाचं पाणी आणि दुधाशिवायचा चहा दिसायला अगदी सारखे, यावर एकमत झालं. आमच्यात इतकी मनमोकळी कलाचर्चा त्याआधी कधी झाली नव्हती. मेणवलीचा घाट वर कुठेतरी सरकून गेला.

पुढच्या वेळी कप हलवला, तर बशीतले शंकरपाळे आले आणि पाकात की बिनपाकात यावर रात्र गेली. त्यानंतर टेबलक्लॉथ. मग सासूबाईंचा चष्मा, "आजींचं मोतीबिंदूचं झालं का?" अशी चौकशी. आमच्या घरात काय चाललंय हे ग्रुपला माझ्या चित्रांच्या कडेवरून पाठ होतं. चित्रात काय होतं, ते मात्र देव जाणे.

एकदा रागारागाने ग्रुपवरून चित्रच डिलीट केलं. आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे थोर निसर्गचित्रकार, कोटीतीर्थ तलावाच्या काठी राहून तिथलं पाणी आणि प्रकाश रंगवत असत. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, असं सांगतात. त्या दुःखाची आणि माझ्या फणकाऱ्याची बरोबरी नाही, पण तलावाची सोय चांगली. पाणी वर काही विचारत नाही. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करा, तरी मेसेज डिलीट केल्याची पाटी मागे उरते. ती पाटी पाहताच सगळा ग्रुप जागा झाला. काय होतं? कुणाबद्दल होतं? राजकारण होतं का? माझ्या कुठल्याही चित्राला इतके प्रेक्षक मिळाले नव्हते.

दुसऱ्यांचे हाल काही कमी नाहीत. न्यू जर्सीवालीने जानेवारीत आपल्या अंगणातला बर्फ काढून पाठवला. जलरंगात पांढरं म्हणजे कागद मोकळा सोडणं; ट्यूबमधला पांढरा वापरणं आमच्यात कमीपणाचं मानतात. तिने नियम पाळून कागद जवळजवळ सगळाच सोडला होता. काकांनी लिहिलं, "बेटा, कोरा कागद आला, चित्र पुन्हा पाठव." मास्तरांनी एकदा पावसाळ्यातला गढूळ समुद्र काढला तर वहिनींनी शेताला शुभेच्छा दिल्या. ओल्या आभाळावर पाण्याचा थेंब पडला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो, आणि तो कधी पुसला जात नाही. तसा डाग पडलेलं चित्र टाकलं की हटकून ढगांची तारीफ होते. यावर आम्ही कुणी काही बोलत नाही. आपलाही डाग कधीतरी ढग ठरायचा असतो.

मीही काही वेगळी नाही म्हणा. काकांनी परवा एक चित्र टाकलं आणि माझी नजर आधी गेली ती कडेच्या गोळ्यांच्या पाकिटावर. "काका, बीपीची गोळी बदलली का?" त्यांनी डॉक्टरांपासून सुरुवात करून सविस्तर उत्तर दिलं. मग जनाची नाही तर मनाची म्हणून मी जोडलं, "आणि तलाव सुरेख जमलाय." बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. "तलाव नाही. सिव्हिल लाइन्सचा रस्ता आहे."

शेवटी मी कडक उपाय केला. फोटो पाठवण्याआधी चारी बाजूंनी कापायचा, टेपच्या कडेच्या आत. कप नाही, टेबल नाही, संसार नाही. नुसता निसर्ग. पाठवला आणि शांतता. टाळ्या नाहीत, फुलं नाहीत, ती नाचणारी बाईसुद्धा नाही. तासाभराने काका: "ताई, कप काहून नाही दिसून राहिला?" पाठोपाठ मास्तर: "घरी सगळं ठीक ना?" रात्री चक्क वहिनींचा फोन आला. इंदूरहून, पहिल्यांदाच. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काही झालं असलं तर सांगा हं, संकोच करू नका. आम्ही आहोत." चित्र फक्त कापलंय, हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला. पटलं असं वाटत नाही. ठेवता ठेवता त्यांनी "चहा सोडू नका" असं बजावलं.

हा सगळा प्रकार नवरा शेजारी बसून ऐकत होता. त्याला चित्रातलं काही कळत नाही, त्यामुळे तो व्यवहारी सल्ले देतो. म्हणाला, "लोकांना कप हवाय ना? मग कपच काढ."

मी तो अपमान दोन दिवस मनात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी कप काढला. डोंगर नाही, नदी नाही, टेबलावर एकटा कप. निळी नक्षी, कानाचा टवका, आत चहा. चहासाठी अर्थातच बर्न्ट सिएना. जीव ओतून काढला. बोर्ड टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला, फोटो घेतला, न कापता पाठवला.

वहिनींचा अंगठा आला. मग काका आले. "वा वा! भिंतीवरचं ते घाटाचं चित्र काय सुंदर आहे हो! आधी कधी दाखवलं नाही?" न्यू जर्सी: "ओ माय गॉड, ती नदी!! झूम करून बघा सगळे." वहिनींनी नदीपलीकडचं निळ्या पत्र्याचं घरसुद्धा हुडकून काढलं. आणि मास्तरांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, माझं चित्र नीट मोठं करून, काळजीपूर्वक पाहून विचारलं:

"ताई, पण त्या देवळात कुकर कशाला टांगलाय?"