मंगळवार आणि शुक्रवार, ११ ते १

दुपारपासून डोकं तापलंय. रात्रीचे डबे गेले, ओटा आवरला, पण लिहून टाकल्याशिवाय झोप यायची नाही. मोठं होईल. तरी वाचा, विशेषतः ज्यांची मुलं बाहेरगावी शिकताहेत त्यांनी.

माझ्याकडे डबा लावलेली एक मुलगी आहे. बडवानीकडची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. इथे इंदूरात भंवरकुआंजवळ एका गल्लीत तिघीजणी मिळून खोली घेऊन राहतात. परवा तिचा फोन आला, "आंटी, कल से आधा टिफिन भेजना, पैसे पूरे ले लेना." अर्धा डबा समजू शकते, पण पैसे पूर्ण घ्या म्हणाली तेव्हा पोटात धस्स झालं. संध्याकाळी घरी बोलावलं. ओट्याशी उभी राहून माझ्याबरोबर शेंगा निवडायला लागली आणि निवडता निवडता रडायला लागली. तीन आठवडे धड झोप नाही. लॅबमध्ये उभं राहिलं की छातीत धडधडतं. तीन महिने पाळी आलेली नाही. दिवसभर चहा आणि बिस्किटं. आईला सांगितलंस का विचारलं तर म्हणाली, "पापा वापस बुला लेंगे."

म्हणून आज तिला स्कूटरवर मागे बसवून तिच्या कॉलेजात घेऊन गेले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोरीला तिथे अजून अडीच वर्षं काढायची आहेत. पाटी आहे हो तिथे! मोठी, रंगीत, 'विद्यार्थी परामर्श एवं स्वास्थ्य केंद्र'. खाली फीत कापतानाचा फोटोसुद्धा. दाराला कुलूप आणि कुलपाच्या वर कागद चिकटवलेला, मंगलवार और शुक्रवार, ११ से १. आज बुधवार. बरं, पुढच्या मंगळवारी येऊ म्हणावं तर मंगळवारी आणि शुक्रवारी ११ ते १ तिचं प्रॅक्टिकल. फार्मसीला ८० टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे ज्या मुलीला हजेरीच्या धास्तीनं झोप लागत नाही, तिनं हजेरी बुडवून सांगायला जायचं की मला झोप लागत नाही.

ऑफिसच्या खिडकीवर गेलो. मागे फी भरणाऱ्या मुलांची रांग. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "क्या दिक्कत है? ज़ोर से बोलो." एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'समस्या का विवरण' म्हणून दोन ओळी आणि खाली 'अभिभावक के हस्ताक्षर'. मुलीनं पेन हातात घेतलं होतं. ती ओळ वाचली, टोपण लावलं, फॉर्म उलटा करून परत सरकवला आणि म्हणाली, "कुछ नहीं सर, बोनाफाइड चाहिए था."

आणि बोनाफाइड घेऊन आलो आम्ही! शिक्का मारून, सही करून, पाच मिनिटांत मिळालं.

मला सांगा, वीस वर्षांची मुलगी मतदान करू शकते, बँकेत खातं उघडू शकते, मग झोप का लागत नाही हे विचारायला तिला बापाची सही कशाला लागते? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माणसाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे असं स्पष्ट लिहिलंय. आणि इथे रांगेसमोर 'ज़ोर से बोलो'. बापाची सही मागितली की आमच्याकडच्या किती मुलींचं शिक्षण त्याच दिवशी संपतं, हे त्या खिडकीतल्या माणसाला माहीत नाही असं कसं मानू? त्यालाही मुली असतील.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते. कोरोनाच्या आधीची गोष्ट. माझ्याकडे सतरा नंबरचा डबा होता. तीन खणी, स्टीलचा, झाकणावर ऑइल पेंटनं १७ लिहिलेलं. मुलगा खरगोनकडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अबोल, पण डबा नेहमी धुऊन परत पाठवणारा. चाळीस डब्यांत असे चार निघाले तर नशीब. एक दिवस तो डबा परत आला आणि हातात घेताच कळलं की जड आहे. डबेवाल्या बाईला उघडावा लागत नाही, वजन हाताला कळतं. उघडला तर वरण आंबलेलं, पोळ्या वाफेनं एकमेकींना चिकटलेल्या, भाजीला बोटसुद्धा लागलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मी मेसेज केला, भाजी आवडत नाही का बेटा? उत्तर आलं, "नहीं आंटी, बहुत अच्छी है." मला ते खरं वाटलं. पाचव्या दिवशी मुद्दाम शेव-टमाटर केलं, ते मुलांना आवडतं म्हणून. तेही परत.

अकरा दिवस. अकराव्या दिवशी त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा आला आणि म्हणाला, आंटी, ये उठता ही नहीं है.

दोन विषय राहिले होते. घरी सांगितलं नव्हतं. दीड महिना कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं आणि दीड महिन्यात त्या कॉलेजातून एक फोन नाही, एक माणूस नाही. हजेरीच्या तक्त्यावर नाव मात्र लाल शाईत लागलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं! तो येत नाही हे नेमकं माहीत होतं, दिवस मोजून माहीत होतं. फक्त 'का' हे विचारायचं काम कोणाचंच नव्हतं.

आता कोणीतरी म्हणेलच, आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? आम्ही नाही का शिकलो? माझ्या नणंदेनं आजच फोनवर ऐकवलं. शिकलात हो, पण तुम्ही घरून शिकलात. सकाळी आईच्या हातचे पोहे खाऊन सायकलवर जायचं आणि संध्याकाळी उंबऱ्यात आजी विचारायची, तोंड का उतरलंय. तुमचा समुपदेशक उंबऱ्यात बसलेला होता! ही पोरं सोळा-सतरा वर्षांची होत नाहीत तोच सेंधवा, झाबुआ, धारहून दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पडतात. त्यांचं तोंड उतरलेलं बघणार कोण? लायब्ररीच्या नावाखाली चाललेल्या त्या हॉलमधला पार्टिशनचा फळा?

हे मान्य आहे की प्रत्येक थकलेलं पोर आजारी नसतं. आणि मुलंही लपवतात, विचारलं तर 'बहुत अच्छी है' म्हणतात. मान्य. पुढे बोलू.

आमच्या कॉलनीतल्या वकील काकांना फोन केला. ते म्हणाले, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जिथे शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमलाच पाहिजे. आणि वर्षातून दोनदा सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, शिकवणाऱ्यांना आणि न शिकवणाऱ्यांनासुद्धा. हे दुसरं ऐकून मला फार बरं वाटलं. कारण मी हेच म्हणतेय. मूल कोसळतंय हे प्रोफेसरला सगळ्यात शेवटी कळतं. आधी मेसवाल्याला कळतं, चौकीदाराला, खोली झाडणाऱ्या मावशीला, झेरॉक्सवाल्याला, खिडकीतल्या त्या गृहस्थांना. त्यांना कोणी तरी दोन गोष्टी शिकवा. आवाज खाली ठेवायचा आणि 'बैठो' म्हणायचं. बाकीचं नंतर.

आपल्या इंदूरचंच बघा. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर. तो काय कोणी कचऱ्याच्या डब्यावर पाटी लावली म्हणून आला? आधी आपल्याही गल्ल्यांच्या तोंडाशी उकिरडे होते, विसरलात का? रोज सकाळी दारात गाडी यायला लागली. ठरल्या वेळी, गाणं वाजवत. एक दिवस ओला-सुका वेगळा केला नाही तर ते पोरगं परत द्यायचं, चिडायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. दाराशी आले म्हणून आपण बदललो. मंगळवार-शुक्रवार ११ ते १ कचरा ऑफिसात आणून द्या, वडिलांच्या सहीनं, असं म्हटलं असतं तर आज शहर कसं असतं? कचऱ्यासाठी दारापर्यंत जाणारं शहर पोरांसाठी जात नाही, याची मला लाज वाटते. संध्याकाळी ६ ते ९ उघडा ते केंद्र. वसतिगृहात न्या, भंवरकुआं चौराह्याच्या गल्ल्यांत न्या. तिथेच पोरं आहेत.

पैसे नाहीत म्हणतात. समुपदेशकांना किती तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर ठेवतात ते मलाही माहीत आहे, त्या बिचारीचा राग नाही माझा. पण फीत कापायला मांडव घातला होता, त्याचे पैसे होते.

आणि आपणही कमी नाही. मानसिक म्हटलं की आपल्या लोकांच्या तोंडी लगेच बाणगंगा येते, म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. माझ्याही आली होती. सतरा नंबरच्या वेळी मी ह्यांना म्हटलं होतं, जरा डोक्यात फरक दिसतोय पोराच्या. असं म्हटलं मी. चाळीस पोरांना जेवू घालणारी बाई.

आणि एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. नवव्या दिवशी मी त्याच्या डब्यातल्या पोळ्या कमी केल्या. सहाच्या चार. अन्न वाया जातं म्हणून. तो तिथे भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मी इथे पोळ्या मोजत होते. माझ्या घरापासून त्याची खोली स्कूटरनं दहा मिनिटांवर. गेले नाही. त्याचे वडील न्यायला आले तेव्हा डबा परत द्यायला स्वतः घरी आले होते. धुतलेला. पैशाचा हिशोब विचारत होते आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. पोरगं बरं आहे आता, शेती बघतं, दिवाळीला मेसेज करतं. इंजिनिअर मात्र झालं नाही.

म्हणून परवा 'आधा टिफिन' ऐकल्यावर मी मेसेज केला नाही, बोलावून घेतलं.

आज कॉलेजातून परतल्यावर तिला घरीच ठेवून घेतलं. १४४१६ वर फोन लावून दिला. टेली मानस म्हणून केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, हिंदीत बोलता येतं, मराठीतही. हा नंबर पोरांच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवा. मी आतल्या खोलीत दार लावून तिला बसवलं आणि बाहेर मिक्सर लावला, तिचं बोलणं आमच्या कानावर पडू नये म्हणून. पंचवीस मिनिटं बोलली. बाहेर आली आणि म्हणाली, आंटी, उन्होंने बीच में टोका नहीं. एवढंच म्हणाली. मग मुगाची खिचडी वाढली, तूप घालून. एक वाटी खाल्ली, दुसरी अर्धी.

पण फोननं पाळी यायची नाही, रक्त तपासायला हवं, तिला समोर बसून बघणारं माणूसही हवं. तर आता कामाचं. भंवरकुआं, लोकमान्य नगर, सपना-संगीता रोड या भागात संध्याकाळी सातनंतर बसणाऱ्या, मुलींशी नीट बोलणाऱ्या लेडी डॉक्टर आणि कोणी चांगल्या मानसशास्त्रज्ञ माहीत असतील तर मला मेसेज करा. इथे खाली नको, मेसेजमध्येच. फी मी बघते. उद्या दुपारपर्यंत कळवलंत तर बरं, उद्या संध्याकाळी तिला प्रॅक्टिकल नाही.