पुण्याची बातमी फोनवर, आपली बातमी भिंतीवर

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, पुण्यात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार, ज्यात हातापायाला मुंग्या येतात, ताकद जाते) पेशंट सापडायला लागले तेव्हाची गोष्ट. आमची आई कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते, जंगलाला लागून. तिच्या फोनवर रोज पाच-सहा लिंका, "चिकन खाताय? सावधान!" असल्या. दोन आठवडे घरात चिकन बंद, आणि एक दिवस पायाला मुंग्या आल्या म्हणून रात्री अकराला मला फोन, आवाज थरथरत होता तिचा. मी बातमी उघडून शेवटपर्यंत वाचली. पुण्यात संशय पाण्यावर होता, पेशंटमध्ये कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता, अर्धकच्च्या चिकनमधून तो जाऊ शकतो पण नीट शिजवलं की मरतो, आणि जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे सगळं होतं की त्याच बातमीत, पण पार खाली, आणि आई हेडिंग वाचून घाबरली होती. तिची काय चूक?

पण मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. त्याच दिवसांत त्या भागातल्या एका सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर माकडतापाचं पोस्टर होतं, सगळं कन्नडमध्ये. आईला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. आमच्या डोंगरापलीकडे गोव्यात सत्तरीला २०१५ ला आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला २०१६ ला हा ताप आला, काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्या माणसांना. गोचीड चावून होतो. सीझन डिसेंबर ते मे-जून, म्हणजे नेमका आपल्या लाकडं-काजूचा. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच दवाखान्यात सांगायचं, जाताना अंगाला डेपा तेल (गोचीड लांब ठेवणारं) लावायचं, आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ. आई आठवड्यातून दोनदा रानात जाते आणि तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, पुण्याचं मात्र सगळं पाठ.

आपण मराठी वाचतो म्हणून फोन आपल्याला पुण्या-मुंबईचं दाखवतो, आणि जिल्ह्याचं जे येतं ते कन्नडमध्ये. मधल्यामध्ये आपली माणसं राहतात. कन्नडचा राग नाही हो मला, माझी पोरं कन्नड शिकतात. पण तापाच्या पोस्टरवर दोन ओळी मराठीत लिहिल्या तर कुणाचं काय जातं?

शेवटी गावच्या आशाताईंनी दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज केला, आपल्या बोलीत. आईनं तो तीनदा ऐकला आणि शेजारच्या काकूंना ऐकवला.

तुमच्या गावात असलं पोस्टर दिसलं तर फोटो काढून मला पाठवा, आम्ही दोघं-तिघं मिळून मराठीत लिहून देतो, आणि ते बरोबर आहे का ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारूनच ग्रुपवर टाकतो.