हेडी लमारला वायफायची आई करू नका

"तुम्ही हे ज्या वायफायवर वाचताय, त्याचा शोध हॉलिवूडच्या एका नटीने लावला!" हेडी लमारचा कृष्णधवल फोटो आणि त्याखाली हे वाक्य, असा फॉरवर्ड दर नोव्हेंबरात तिच्या वाढदिवसाच्या सुमारास येतोच. पुढचा मजकूरही ठरलेला असतो: नाझी नवऱ्याकडची गुपितं तिने पळवली, एकटीने शोध लावला, अमेरिकी नौदलाने तो चोरला, आणि पडद्यावर बिचारीला नुसतं सुंदर दिसायचं काम होतं. मी तिचा जुना भक्त आहे, म्हणूनच हे वाचलं की डोकं फिरतं.

आधी वायफाय. ११ ऑगस्ट १९४२ ला मिळालेलं पेटंट क्रमांक २२,९२,३८७ हे रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोसाठी, म्हणजे शत्रूच्या जहाजावर पाण्याखालून सोडायच्या अस्त्रासाठी होतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर संदेश पाठवला की शत्रू ती हेरतो, तिच्यावर गोंगाट सोडतो आणि टॉर्पेडो भरकटतो. म्हणून पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकाच वेळी, एकाच क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं, ही कल्पना. तिचं जवळचं नातं ब्लूटूथशी. तिथे सेकंदाला १६०० वेळा अशी उडी मारली जाते. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात हा एक पर्याय होता खरा, पण १९९९ च्या ज्या मानकावर वायफाय घरोघरी गेलं, त्यात तो नव्हता. कुणी जीपीएसही तिच्या नावावर लावतं, पण त्याचं तंत्र तर निराळंच. आणि एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी वापरून संदेश सुरक्षित ठेवायचा विचार निकोला टेस्ला या संशोधकाच्या १९०३ च्या पेटंटातही सापडतो.

"एकटीने" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो खरी गंमतच गिळून टाकतो. पेटंटावर दोन नावं आहेत: हेडी कीस्लर मार्की (हे तिचं तेव्हाचं कायदेशीर नाव, 'लमार' कुठेच नाही) आणि जॉर्ज अँथाइल. हा अँथाइल संगीतकार. विशीत असताना त्याने एका रचनेत सोळा स्वयंचलित पियानो एकदम वाजवायचा घाट घातला होता, पण ते काही केल्या एका तालात येईनात. तेच दुखणं इथे कामी आलं. छिद्रं पाडलेल्या कागदाची एक गुंडाळी जहाजावर, तशीच दुसरी टॉर्पेडोत, दोन्ही एकाच वेगाने सरकणार आणि छिद्रागणिक फ्रिक्वेन्सी बदलणार. फ्रिक्वेन्सी किती? ८८ पर्यंत, म्हणजे पियानोच्या पट्ट्या असतात तितक्या! हे वाचून हसू आलं नाही तर सांगा. अँथाइलला गाळून हा किस्सा सांगणं म्हणजे तबलजीला हाकलून जुगलबंदी ऐकवणं.

नवऱ्याचं थोडक्यात. तिचा पहिला नवरा फ्रिट्झ मांडल हा ऑस्ट्रियातला शस्त्रांचा कारखानदार. मुसोलिनीशी त्याचं मेतकूट होतं, पण त्याचे वडील ज्यू होते आणि नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर त्याला देश सोडावा लागला. त्याच्या जेवणावळीत शस्त्रांच्या गप्पा तिच्या कानावर पडल्या असतील. तेवढ्यावरून तिला चोर ठरवायचं, तर तिच्या डोक्याचं श्रेय पुन्हा नवऱ्याच्याच खात्यात जातं.

नौदलाने चोरलं म्हणाल, तर त्यांनी ते युद्धात वापरलंच नाही. 'पियानो' शब्द ऐकून टॉर्पेडोत पियानो कोंबायचाय असं त्यांना वाटलं असावं, अशी टर अँथाइलने पुढे आत्मचरित्रात उडवली. पेटंटाची मुदत १९५९ मध्ये संपली आणि पैसे मिळाले नाहीत, हे मात्र खरं. दाद मिळाली तीही फार उशिरा, १९९७ च्या एका पुरस्काराने. २००० मध्ये ती गेली.

आता शेवटचा मुद्दा, नुसतं सुंदर दिसण्याचा. एमजीएम या तिच्या फिल्म कंपनीने तिला बऱ्याचदा तसंच उभं केलं, हे कबूल. पण दिग्दर्शक किंग व्हिडोरचा १९४१ चा सिनेमा 'एच. एम. पुलहॅम, एस्क्वायर' बघा. त्यात ती न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीत कॉपी लिहिणारी मुलगी आहे. बॉस्टनच्या खानदानी घरातल्या हॅरीवर तिचा जीव आहे, पण त्याच्या घरी गेल्यावर तिला कळून चुकतं की इथे आपला निभाव लागायचा नाही. कितीतरी वर्षांनी दोघं पुन्हा भेटतात. जुनं सगळं परत सुरू करू पाहतात आणि ते जमत नाही. त्या वेळचा तिचा चेहरा बघा आणि मग तो फॉरवर्ड पुढे ढकलायचा का ते ठरवा.