बंदुकीच्या दस्त्यात शिसे ओतू नका : फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरत आहे. ‘कारखान्याचा दस्ता विसरा, गावच्या सुताराकडून रायफल नवी करून घ्या’ अशी त्याची सुरुवात असून पुढे पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागात, मागून भोक पाडून वितळलेले शिसे ओतावे, म्हणजे खांद्याला धक्का बसत नाही. दस्ता चार बोटे कापावा, म्हणजे नेम सुधारतो. नळीखालचे लाकूड खरवडून स्क्रू हात दुखेपर्यंत आवळावेत. वरून इंजिनाचे जळके ऑइल चोपडावे. आणि दस्ता म्हणजे नुसते लाकूड असल्यामुळे यातल्या कशालाही कायद्याची आडकाठी नाही. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. परंतु भुसावळला एअर रायफलचा सराव करणाऱ्या माझ्या शाळकरी भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, आबांच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडलेली आहे. तिच्यातले शिसे चालेल का?’ या प्रश्नानंतर गप्प बसणे मला शक्य नाही.

म्हणून आधी शिशाचेच पाहू. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि भोकात नीट ओतायचे, तर त्याहूनही अधिक तापवावे लागते. दस्त्याचे लाकूड कितीही सुके दिसले, तरी चांगल्या वाळवलेल्या लाकडातही साधारणपणे वजनाच्या ८ ते १५ टक्के पाणी उरलेलेच असते. त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. तापलेल्या तेलाच्या कढईत पाण्याचा थेंब पडला की काय होते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. इथे तेलाच्या जागी वितळलेला धातू असतो आणि भोक खालून बंद असल्याने वाफेला बाहेर पडायला एकच वाट राहते, ती म्हणजे वाकून ओतणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने. संदेशात चष्मा, हातमोजे किंवा लाकडातल्या ओलाव्याबद्दल एक अक्षर नाही. उलट ‘मुलांकडूनही होईल इतके सोपे’ असे लिहिले आहे, आणि हे वाक्य लिहिणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

समजा, नशिबाने काही उडाले नाही. तरीही भोकाच्या आतले लाकूड जळून कोळसा होते, आणि शिसे थिजताना आकसते. परिणामी तो गोळा जळक्या खोबणीत सैल राहतो आणि प्रत्येक बारासरशी आतल्या आत आपटतो. रायफल खांद्याला लावून हलवली, तरी त्याचा ठकठक आवाज येतो. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या आणि दहा सेंटिमीटर खोल भोकात सुमारे साडेपाचशे ग्रॅम शिसे मावते. एवढे वजन एकदम मागच्या टोकाला गेले, की रायफलचा तोल बिघडतो आणि नळीचे तोंड वर उचलले जाते. वजन वाढले की धक्का कमी जाणवतो, एवढे अर्धसत्य मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु त्यासाठी स्क्रूने बसवायची तयार वजने मिळतात आणि ती थंडच बसवली जातात. शिवाय दहा मीटर स्पर्धेच्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलला धक्का जवळजवळ नसतोच, आणि नियमाप्रमाणे तिचे वजन ५.५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये. ज्या दुखण्यावर हा उपाय सांगितला आहे, ते दुखणे माझ्या भाच्याच्या रायफलला मुळातच नाही.

बॅटरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शुद्ध शिशाची लगड नसते. तिच्यात गंधकाम्ल, शिशाचे ऑक्साइड व सल्फेट आणि जाळीच्या मिश्रधातूत बहुधा अँटिमनी असते. बॅटरी फोडताना आम्ल अंगावर उडते, आणि आतला लगदा चुलीवर तापवला की शिशाची धूळ व धूर अंगणभर पसरतो. ती धूळ तुळशीपाशी, धान्याच्या पाटीवर, रांगणाऱ्या मुलाच्या हातावर बसते. रक्तातल्या शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते, हेही तिनेच नोंदवले आहे. त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो आणि ते नुकसान भरून येत नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यायची असते. ती अंगणात फोडायची वस्तू नाही.

आता कायद्याविषयी. ‘दस्ता म्हणजे नुसते लाकूड’ हा दावा करणाऱ्याने १९५९ चा शस्त्र अधिनियम उघडूनही पाहिलेला नाही. त्याच्या कलम २ मधील बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात. कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात रूपांतर करून देण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि गावच्या सुताराकडे असा परवाना नसतो. पीकसंरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेली बंदूक रावेर-यावलकडच्या कित्येक केळीबागायतदारांच्या घरी आहे. ती सुताराच्या दुकानात रात्रभर ठेवली, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचे बालंट त्या बिचाऱ्यावर येईल आणि मालकाचा परवानाही धोक्यात येईल. कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास मनाई करते आणि कलम ८ बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखखूण घासून काढण्यास मनाई करते. कानस घेऊन बसलेल्या अनभिज्ञ माणसाकडून या दोन्ही गोष्टी सहज घडू शकतात. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या नळीची, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या बाहेर आहे, हे खरे. संदेशात मात्र हा फरक कुठेच केलेला नाही. त्यात एअर रायफल, बारा बोअरची छऱ्यांची बंदूक आणि ३१५ बोअरची गोळीची रायफल या तिन्हींना एकच सल्ला दिला आहे.

दस्ता कापण्याच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. दस्त्याची लांबी नेमबाजाच्या हाताला जुळली पाहिजे. ली-एनफील्ड या जुन्या लष्करी रायफलच्या दस्त्याचा मागचा भाग सैन्यातच वेगवेगळ्या लांबींमध्ये दिला जात असे, तो याच कारणासाठी. परंतु ती मापे सैनिकाच्या अंगाप्रमाणे निवडली जात. सरसकट चार बोटे कापून टाकण्याशी त्यांचा संबंध नाही. दस्ता प्रमाणाबाहेर आखूड झाला, की चापाजवळचा अंगठा नाकाशी येतो, आणि दुर्बीण बसवलेली असेल तर मोठ्या बोअरच्या रायफलच्या धक्क्याने तिची कडा थेट भुवईत घुसते. त्यातच कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी तर मागच्या पट्टीखाली पातळ चकत्या घालणे किंवा काढणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण पुढच्या वर्षी त्याचा हात लांब झालेला असतो.

खरवडणे आणि स्क्रू आवळणे यांविषयी थोडक्यात. नळी लाकडाला असमान टेकत असेल, तर बार भरकटतो, आणि नळीखालून कागदाची पट्टी सरकवून हे तपासता येते. एवढा भाग बरोबर आहे. स्क्रू हात दुखेपर्यंत आवळले की त्यांच्याखालचे लाकूड दबते, आणि मग ते कधीच घट्ट बसत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनमध्ये हवा एकदम ओली होते. अशा बदलात लाकूड आकसते नि फुगते, त्यामुळे हंगाम बदलताना स्क्रू हलक्या हाताने तपासावे लागतात.

जळक्या ऑइलमध्ये कर्करोगास कारण ठरणारी द्रव्ये असतात, आणि असा दस्ता गालाला लावूनच नेम धरायचा असतो. शिवाय ते लाकडात मुरून त्याला मऊ करते. जुन्या बंदुकांच्या मुठीपाशी, जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तिथे तेलाने काळवंडलेले लाकूड नखाने दाबले जाते आणि तिथूनच दस्ता फाटतो. लाकडासाठी जवसाचे तेल योग्य आहे, परंतु ते अगदी पातळ थरांनी, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन लावावे. त्याची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगात ती कोंडली जाऊन चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. कापसाच्या वखारीशेजारी राहणाऱ्यांनी तर याची विशेष काळजी घ्यावी. वापरलेली चिंधी बाहेर पसरून वाळवावी, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

ज्यांनी हा संदेश वाचून आधीच शिसे ओतले आहे, त्यांनी ते पुन्हा तापवून किंवा कोरून काढण्याचा प्रयत्न करू नये. परवान्याची बंदूक असल्यास ती परवानाधारक दुरुस्ती दुकानातच न्यावी, आणि काढून टाकलेला दस्ता चुलीत किंवा पाण्याच्या बंबात सरपण म्हणून मुळीच घालू नये, कारण त्यातले शिसे धुरावाटे आणि राखेवाटे घरातच परत येते. ती राख भांडी घासायला किंवा परसात टाकायलाही वापरू नये.