परसातलं पेव

आमच्या विश्रामबागच्या घरावरची टाकी हजार लिटरची. घरात माणसं पाच, त्यात अण्णा म्हणजे दोन तांब्यांत आंघोळ उरकणारे, त्यामुळं सकाळी भरलेली टाकी दुसऱ्या सकाळपर्यंत आरामात पुरायची. मार्चपासून मात्र रात्री निम्मी असलेली टाकी पहाटे खडखडीत. तोंडात पेस्टचा फेस आणि नळातून नुसती हवा, फुर्रर्र. मग टॉवेलवर खाली जाऊन मोटर चालू करायची.

पहिला संशय फ्लशवर. शेजारचे मामा म्हणाले, फ्लशच्या टाकीत रंग टाका, न ओढता भांड्यात उतरला तर आतला वॉशर गेलाय समजा. रंग कुठनं आणणार, पण सांगलीत राहून हळदीला काय तोटा, चमचाभर कालवून ओतली. तासाभरानं भांडं पांढरंशुभ्र, ज्यात हळद कालवली तो मग मात्र पिवळाधमक, आणि हळदीच्या डब्यात ओला चमचा कुणी घातला याची घरात स्वतंत्र चौकशी सुरू.

मग टाकीवर चढून एकेका लाइनचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून बघितला. परसातल्या नळाची लाइन बंद केली त्या रात्री पाणी बोटभरही उतरलं नाही. म्हणजे पाणी मुरत होतं ते तिथंच, आणि म्हणीतल्यासारखं नाही, खरोखरचं. खरंतर इथंच थांबायला हवं होतं, व्हॉल्व्ह बंद, गळती बंद, विषय संपला. पण धुणंभांडी सगळी त्या नळावर, आणि मावशींनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की मी बादल्या वाहणार न्हाई, माझी कंबर काय सरकारी हाय का.

आता लाइन जमिनीखाली नेमकी कुठं? 1994 ला अण्णांनी स्वतः उभं राहून टाकून घेतलेली, अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. अण्णांनी काठी रोखली, "इथनं सरळ जाते." आई आतनं म्हणाली, "सरळ कुठली, पेरूला वळसा घातलाय की." पेरू तोडून वीस वर्षं झाली. पेरू कुठं होता यावर दोघांचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत.

शेवटी मीच पहार घेतली. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ओढाताणीत खालच्या पाइपचे सांधे निखळतात आणि गळलेलं पाणी वर यायच्या ऐवजी भेगांतून खाली जातं, वर टिपूस दिसत नाही. हे मला आता माहितीय. तेव्हा एवढंच कळत होतं की दगडावर पहार मारली तर निदान ठिणगी तरी पडते. पहिल्या खड्ड्यात काही नाही. दुसऱ्यात स्टीलचा पेला निघाला, चेपलेला, पण त्यावर आईचं नाव आणि 1989 साल स्वच्छ कोरलेलं. हा पेला आत्यानं नेला असा आईचा तीसेक वर्षांचा आरोप होता. आईनं पेला हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाली, "मग तो दुसरा असंल."

तिसऱ्या खड्ड्याला मामा भिंतीवरून, "काय, हरिपूरची पेवं काढताय का?" बाहेरच्यांसाठी सांगतो, सांगलीशेजारच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली असायची, तोंड अरुंद आणि आत माणूस उतरेल एवढी. 2005 च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. आमच्यात उलटं, पाण्यासाठीच खणणं चाललेलं. मामा पाणाड्याची विद्या थोडी जाणतात असं त्यांचं स्वतःचं मत. नारळ तळहातावर आडवा धरून त्यांनी परसाला तीन फेऱ्या घातल्या, आणि नारळ उभा राहिला तो बरोबर सेप्टिक टँकवर. पाणी नाही असं म्हणता येत नव्हतं.

रात्री दोन वाजता, सगळं शांत असताना, पहार जमिनीत रोवून तिच्या टोकाला कान लावला. असा आवाज ऐकतात असं ऐकलं होतं. सुंऽऽ असा बारीक सूर आला, अंगावर काटा आला, बायकोला उठवून आणलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हा मामांचा कूलर आहे."

सकाळी प्लंबरला बोलावलं. आठ खड्डे चुकवत तो परसाच्या टोकाला गेला. तिथं आमचा अळू. एकेक पान ताटाएवढं, निम्मी गल्ली त्याच्या वड्या खाऊन होती, बायको त्याचं श्रेय भाजीच्या सालांच्या खताला द्यायची. खणताना त्याला पहार लागू नये म्हणून मी लांबनं फिरलो होतो.

"साहेब, हितं मोरीचं पाणी येतं का?"

"नाही, मोरी पलीकडं."

"मग अळू कशावर जगतोय, तुमच्या पुण्याईवर?"

दीड फुटावर पाइप लागला. वर गंजाची खपली, नखानं टोकरली तर ओल्या बिस्किटासारखी निघाली, आणि धार थेट अण्णांच्या चष्म्यावर. मी म्हटलं, क्लॅम्प मारून टाक. तो म्हणाला, मारतो की, पण जुन्या जीआयला हात लावला की शेजारच्या सांध्याचं आटं तुटतं बघा. आणि पाना लावताच हातभर अंतरावर तुटलंच, त्यानं माझ्याकडं बघून फक्त भुवया उडवल्या.

मग सगळी तीस फूट लाइन यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची. गणपती पेठेत तीन खेपा झाल्या, एकदा एल्बो कमी पडला, एकदा आट्याचा पीस उलटा आणला, एकदा पाइप चिकटवायच्या सोल्व्हेंटची डबी दुकानातच विसरली. पाइपाखाली-वर वाळू घातली, बुजवायच्या आधी टेप लावून फोटो काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले. आत्यानं अंगठा दिला. पेल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

टाकी आता रात्रभर हलत नाही. अळूनं मात्र पंधरा दिवसांत माना टाकल्या. परवा मामी पानं मागायला आल्या, बघून हळहळल्या, "चांगला अळू होता हो, काय केलंत?" बायको माझ्याकडं बघत म्हणाली, तिथपर्यंत एक बारीक नळ नेता येणार नाही का? मी काही बोलायच्या आत अण्णा खुर्चीतून उठले आणि त्यांनी काठी रोखली, "त्यात काय, इथनं सरळ जाईल की."