चिठ्ठीवर लिहिलेलं 'बाहेरून'

आज आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते, तिच्या बीपीच्या गोळ्यांसाठी. दीड तास लाइन. खिडकीशी पोचलो तर औषधवाल्या दादांनी चिठ्ठी परत सरकवली, वर पेनाने लिहिलेलं, 'बाहेरून'. आई एक शब्द बोलली नाही, चिठ्ठीची घडी घालून पिशवीत ठेवली.

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. २०१७ ला राज्य सरकार म्हणालं, सरकारी दवाखान्यांची सगळी औषधखरेदी आता हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत, एकाच ठिकाणाहून. ते जमेना म्हणून २०२३ ला कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. म्हणजे मुंबईत पाटी बदलली, खुर्च्या बदलल्या, आणि आईच्या चिठ्ठीवरचा शब्द तोच!! त्याच २०२३ च्या १५ ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरसुद्धा फुकट झाला, खूप चांगलं केलं, मनापासून म्हणते, पण फुकटचा केसपेपर घेऊन माणूस समोरच्या मेडिकलमध्येच जाणार असेल तर त्याचे पैसे वाचले कुठे?

एकत्र खरेदी स्वस्त पडते, आणि आधी जिल्ह्याजिल्ह्यात काय काय चालायचं तेही माहितीये. बरं, मान्य.

पण नमुना तमिळनाडूचा घेतला ना, मग पूर्ण घ्या की. तिथे १९९४ ला औषधखरेदीचं महामंडळ काढलं, जिल्ह्यात गोदामं केली, दवाखान्याला त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेलं पासबुक दिलं, त्या रकमेत कुठलं औषध किती उचलायचं ते दवाखाना ठरवतो. म्हणजे खिडकीतल्या माणसाच्या हातात काहीतरी आहे.

आमच्या खिडकीतल्या दादांवर मी आधी ओरडले, आता वाईट वाटतंय. त्यांनी मला कॉम्प्युटर वळवून स्टॉक दाखवला, शून्य. "ताई, तीनदा मागणी टाकलीय, वरून आलं की मी स्वतः फोन करतो." दिवसभर लोकांच्या शिव्या हा माणूस खातो, आणि नवीन रचना ठरवताना त्याला कुणी विचारलं असेल असं मला अजिबात वाटत नाही.

मग मेडिकलमध्ये गेलो. मी महिन्याच्या गोळ्या मागितल्या तर आई हळूच म्हणाली, एकच स्ट्रिप घे गं, मी अर्धी अर्धी करून खाते. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, दिवाळीपासून.