ऐकू आले की दाबा

सगळे सुरू झाले ते तापापासून. ताप फार नव्हता; पण डिजिटल थर्मामीटर काखेत धरून तो वाजण्याची वाट पाहत मी बसलो होतो आणि तो वाजत नव्हता. बॅटरी संपली असावी, यंत्र बिघडले असावे, किंवा माझा तापच असा चढत चालला असावा की तो कुठे थांबणार याचा त्या यंत्राला अंदाज येत नसावा, अशा शक्यता मी एकेक करून तपासत होतो. इतक्यात शेजारच्या खोलीतून पत्नीचा आवाज आला, "अहो, वाजून दहा मिनिटं झाली. काढा आता ते."

हा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

ताप दोन दिवसांत उतरला, पण ते वाक्य काही डोक्यातून उतरेना. मुलीने त्यावर शास्त्रीय खुलासा केला. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मात्र वरची मर्यादा तरुण कानांची असते आणि वय वाढते तसा कान आधी उंच पट्ट्यांवरचा हक्क सोडत जातो. "थोडक्यात, बाबा, तुमचा वरचा मजला रिकामा होत चाललाय," असे ती म्हणाली. हा वाक्प्रचार आमच्या घरात आजवर वेगळ्या अर्थाने वापरला जात असल्यामुळे तो खोडून काढणे मला भाग होते, आणि त्यासाठी मी मोबाईलवर श्रवणचाचणीचे ॲप उतरवून घेतले.

पहिल्या ॲपने माझा फारसा वेळ घेतला नाही. ते एक सूर चढवत चढवत नेते आणि ऐकू येणे थांबले की सांगा म्हणते. मी 11,000 हर्ट्झला थांबलो. मुलगी त्यानंतरही बराच वेळ कानांवर हात ठेवून "बंद करा" म्हणून ओरडत होती. ते ॲप मी काढून टाकले.

दुसरे ॲप गंभीर प्रकृतीचे होते. त्याने आधी मोबाईलच्या माईकने खोलीतला आवाज मोजला आणि 'परिसर गोंगाटाचा आहे' असे सांगून चाचणीच नाकारली. मी पंखा बंद केला. तरी नकार. फ्रीज बंद केला, खिडकी लावली, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आणि घरातल्यांना चालू नका, बोलू नका, शक्यतो पाने उलटू नका, असे बजावले. एवढे सोपस्कार झाल्यावर मला जे ऐकू येऊ लागले, त्याची मला कल्पनाच नव्हती. स्वतःची आवंढा गिळण्याची क्रिया इतकी वाजते, हे मला त्या दिवशी कळले. चष्म्याच्या काडीला इअरफोन घासून करकर होत होती, म्हणून मी चष्मा काढून ठेवला. मग नाडी ऐकू येऊ लागली. ती शांत होते न होते तोच कुठून तरी, बहुधा माझ्याच डोक्यातून, एक बारीक 'ईऽऽ' सुरू झाला, आणि ॲपचा सूरही नेमका तसाच होता.

चाचणीची रीत साधी असते. सूर ऐकू आला की बटण दाबायचे. दाबले की पुढचा सूर 10 डेसिबलने खाली जातो आणि न दाबल्यास 5 डेसिबलने वर येतो. असे वरखाली करीत तुमच्या कानाचा उंबरठा शोधला जातो. दुर्दैवाने ही रीत मी आधीच वाचून ठेवली होती. त्यामुळे दोन-चार सुरांनंतर मला त्यांची लय सापडली आणि 'आता वाजलाच पाहिजे' अशा क्षणी माझे बोट आपोआप पडू लागले. यात लबाडी करण्याचा हेतू नव्हता. परीक्षेत कोरी जागा सोडायची नाही, हा जुना संस्कार एवढेच. त्याचे फळ म्हणून 1000 हर्ट्झला मला उणे 5 डेसिबल मिळाले. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी तरुण कानांना सरासरीने जेमतेम ऐकू येईल तो आवाज. म्हणजे त्या एका पट्टीत मी तरुणांच्याही पुढे होतो. ही बातमी मी घरात सर्वांना स्वतंत्रपणे सांगितली.

पण आलेख समोर आला आणि उत्साह मावळला. हा आलेख उलटा असतो. रेघ जितकी खाली तितकी प्रकृती वाईट. उजव्या कानाची तांबडी वर्तुळे बरी होती, तर डाव्या कानाच्या निळ्या फुल्या त्यांच्या कितीतरी खाली पडल्या होत्या. पुढचे तीन दिवस मी डाव्या कानाच्या दुःखात काढले. कोणी बोलू लागले की मान वळवून त्याला उजवा कान द्यायचो आणि झोपताना चांगला कान वर ठेवायचो. चौथ्या दिवशी चष्मा लावून इअरफोन पुसताना त्यावरची बारीक अक्षरे प्रथमच दिसली, आणि चाचणीच्या वेळी मी डावा उजव्या कानात घातला होता, हे लक्षात आले. म्हणजे नापास झाला होता तो उजवा कान, आणि तीन दिवस मी त्याच नापास कानाने सगळ्यांचे बोलणे व्यवस्थित ऐकत होतो!

इअरफोन नीट घालून चाचणी पुन्हा दिली. ॲप पुन्हा म्हणाले, डावा.

दोन्ही कान आळीपाळीने बहिरे होऊ शकत नाहीत, हे ध्यानात यायला मला एक रात्र लागली. कान बदलला तरी दोष डाव्या इअरफोनला सोडत नव्हता. भिंगातून पाहिले तर त्याची जाळी मळाने लिंपून गेलेली होती. तो मळ माझाच होता, त्यामुळे निर्मात्याला दोष देता आला नाही. कोरड्या मऊ ब्रशने जाळी साफ केली आणि डाव्या फुल्या एकदम वर आल्या. तेव्हा कुठे मला पटले की कोणता इअरफोन किती मोठा आवाज करतो, हे ॲपला ठाऊक असतेच असे नाही. ते अंदाजाने डेसिबल लिहिते आणि आपण त्यावर तीन दिवस मान वाकडी करून बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आणलेले ॲप या बाबतीत शहाणे निघाले. ते सूर ऐकवत नाही, गोंगाटात तीन आकडे म्हणून दाखवते. बोलणे आणि गोंगाट यांतला फरकच तिथे मोजला जात असल्यामुळे इअरफोनच्या तब्येतीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. भर रस्त्यात फोनवर कोणी ओटीपी सांगावा तसा तो अनुभव होता. मी मनापासून आकडे टिपले. तरी अखेरीस ॲपने तज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला दिलाच.

तज्ज्ञ बाईंनी मला ध्वनिरोधक खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिले आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या. आवंढा न गिळता, श्वास धरून, मी नेटाने बटण दाबत राहिलो. थोड्या वेळाने हेडफोनमधून त्यांचा आवाज आला.

"काका, गेल्या तीन वेळा तुम्ही दाबलंत ना, तेव्हा मी काहीच वाजवलं नव्हतं."

त्यानंतरची चाचणी मी प्रामाणिकपणे दिली. 2000 हर्ट्झपर्यंत दोन्ही कान ठीक होते. 4000 आणि 8000ला रेघ घसरगुंडीवरून उतरावी तशी उतरली होती. वयाला साजेसे आहे, स, श, फ ही अक्षरे कधी कधी निसटतील, वर्षभराने पुन्हा तपासू, असे बाईंनी सांगितले.

घरी पत्नीने आलेख बराच वेळ न्याहाळला आणि त्या उतारावर बोट ठेवून विचारले, "इथे काय असतं हो?"

"थर्मामीटर," मी म्हणालो.